पटावरचं विसावं नाव

२६ जून
शाळा उघडल्या. आमगावच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन साडेआठला सवयीनं आमच्या फाटकासमोर थांबली, दोनदा हॉर्न. रेवा ओसरीत पोहे खात बसलेली, उठली नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं, ती आता येणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बिमार आहे का?" म्हटलं, "होती. आता बरी झाली." त्याला कळलं नाही. चालेल.

आजपासून घरची शाळा. विद्यार्थिनी एक, वय दहा, इयत्ता पाचवी. शिक्षक एक, वय बेचाळीस, एम.एस्सी. गणित, अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर. गेल्या वर्षी राजीनामा दिला. तासिकावाल्याचा राजीनामा कोणी मागत नाही, मीच लिहून टेबलावर ठेवून आलो. आता धानाची शेती आणि ही शाळा. पगार आणते वंदना, ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे (पुढे नुसतं वं. लिहीन, हात दुखतो).

माय सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र जोरात घासते आहे.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर चार महिन्यांनी मलाच कोणी पटवेल की कारण नव्हतंच. मार्चची परीक्षा. इंग्रजी निबंध, 'माय फादर'. रेवानं लिहिलं, माझे वडील इंजिनिअर आहेत, कारने ऑफिसला जातात, रविवारी आम्हाला बागेत नेतात. दहापैकी दहा. चौकशी केली तर वर्गातल्या छत्तीसच्या छत्तीस पोरांचे बाप इंजिनिअर. मी विचारलं, "हा कोण आहे?" ती शांतपणे म्हणाली, "हे उत्तर आहे बाबा."

त्याच दिवशी ठरवलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

३० जून
काय आधी शिकवायचं, काय नंतर, याची यादी केली. चौदा कलमं. वं.नं ड्यूटीवरून येऊन उभ्याउभ्याच वाचली. "चौदा? पोरगी शिकवायची आहे की जिल्हा परिषद चालवायची आहे?" माझ्या खिशातला पेन काढून संस्कृत, बुद्धिबळ, कोडिंग, आकाशदर्शन उडवलं. ठेवलं काय, तर मराठी वाचन, गणित, थोडं इंग्रजी बोलणं. आणि स्वतःच्या हातानं खाली लिहिलं: पोहणं.

"पोहणं?"
"दर पावसाळ्यात बोडी-तळ्यात बुडालेली लेकरं आमच्याकडे आणतात. संस्कृत न आल्यानं अजून कोणी आणलं नाही."

पोहणं राहू दिलं. पण सगळ्यांच्या वर मी एक कलम लिहिलं: जे आहे तेच लिहायचं. वं. म्हणाली, हा काय विषय झाला का? म्हटलं, पहिला.

७ जुलै
अपूर्णांक. तीन चतुर्थांश आणि पाच अष्टमांश, मोठा कोणता. रेवा म्हणे, कशातले? मी म्हटलं, कशातले नाही, नुसते. ती म्हणे, नुसते कसे असतील. मी ओरडलो. ती रडली नाही. मग म्हणाली, "बाबा, तुमी मले फळ्यावाणी पाहून बोलता."

खरं आहे. ऐंशी पोरांसमोर बोलून बोलून नजर डोक्यावरून जायची सवय लागली आहे. आज तर शेवटी चक्क विचारलं, "सगळ्यांना समजलं का?" तिनं मागं वळून पाहिलं.

स्वतःचा राग आला. कबूल करतो, पण व्हॅन परत बोलावणार नाही.

१२ जुलै
रोवणी चालू. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, यंदा बरे आले. बाया बांधीतल्या चिखलात उतरल्या, रेवाही उतरली, दोन ओळी लावल्या, तिसरीत पायाला काहीतरी लागलं, वर आली.

वं.चा भाऊ पुण्याहून आला आहे. बांधावर उभा राहून फोटो काढतो. "जिजाजी, मान गए! शेत हीच खरी शाळा. हिला पुस्तकं कशाला?" 

शाळावाले परवडले. म्हटलं, शेतात चिखल असतो आणि रोवणाऱ्या बायांच्या पाठी संध्याकाळी सरळ होत नाहीत. अपूर्णांक घरी बसूनच करावे लागतात. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतो आहे. पोरीला शाळेतून काढलं म्हणजे अभ्यासातून काढलं असं ज्याला वाटतं, त्याच्या बाजूचा मी नाही, आणि शाळावाल्यांच्याही नाही.

१८ जुलै
शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे. घरोघरी फिरत दिलीप आमच्याकडे आला. दिलीप म्हणजे गावच्या जि.प. शाळेचा हेडमास्तर. पहिली ते पाचवी, दोन गुरुजी, त्यातला एक तो. त्याच शाळेत आम्ही दोघं एका तरटावर बसून शिकलो.

मी शेतात पाण्याच्या मोटारीवर होतो. घरी येईस्तोवर मायनं कारभार आटोपला होता.
"काकी, सहा ते चौदाची लेकरं किती?"
"एक नात. मामाकडे राह्यते गोंदियाले. तिथंच शाळेत जाते."
आणि नात समोर झोक्यावर. "आजी, मी कोठी गोंदियाले आहो? इथंच तं आहो."
माय म्हणे, "पाहुनी आली आहे."

दिलीप खांबाला धरून हसला. मग फॉर्म काढला. शाळेत न जाण्याचं कारण. स्थलांतर, आजारपण, घरकाम, लहान भावंडं सांभाळणे, आवड नाही. म्हटलं, "लिही, बाप शिकवतो."
"तसा रकानाच नाई ना गा."
"मग?"
"इतर."

'इतर'वर खूण करून गेला. माय संध्याकाळी देवापाशी बसून मला ऐकू जाईल असं पुटपुटत होती, आपल्या घरात शाळाबाह्य कधी कोनी झालं नाई. तिनं स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही, पण ते मी बोललो नाही.

३ ऑगस्ट, रविवार
दिलीप पुन्हा. यावेळी फॉर्म नाही. चहावर साय धरली तरी कप उचलेना. मग म्हणाला, "पट एकोणीस आहे गा."

वीस पाहिजेत. सप्टेंबरच्या शेवटी पट मोजून जातील. एकोणीस निघाले तर शाळा तीन किलोमीटरवरच्या शाळेत विलीन. मध्ये नाला. पावसाळ्यात चार-चार दिवस नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्यावरून पाणी जातं, तेव्हा पहिलीतली पोरं काय करतील हे दोघांनाही माहीत आहे. घरी बसतील.

"रेवाचं नाव टाकतो पाचवीत. फक्त नाव. तू घरी शिकव, कोनी विचारनार नाई. हजेरी मी पाहून घेतो."
"हजेरी पाहून घेतो म्हणजे?"
तो खाली बघायला लागला. "तुलेबी फायदाच आहे ना गा. शाळाबाह्यचा शिक्का जाते. दाखला भेटते. माही शाळा वाचते. कोनाचं नुकसान होऊन राहिलं, सांग मले."

 विचार करतो म्हटलं. खोटं कशाला लिहू, मोह झाला. एका नावात सगळे खूष, माय, वं., दिलीप, सरकार. आणि आमचं पहिलं कलम तेवढं खोडायचं.

४ ऑगस्ट
वं.ला सांगितलं. ती म्हणाली, टाका ना मग. चिडली की ती गोंदियाच्या माहेरी पोचते, हिंदीत. "एक नाम से किसका क्या जाता है? तुम्हारा तो हर बात में उसूल!" मग आवाज उतरला. "दवाखान्यात रोज कोणीतरी विचारतं, मॅडम, तुमची मुलगी कितवीत? मी सांगते, पाचवीत. रोज सांगते. निदान ते तरी खरं होईल."

मला हे माहीत नव्हतं. इथंच गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "लसीच्या रजिस्टरात न टोचलेल्या पोराचं नाव लिहितेस का तू?"

हातातला झारा ठेवून ती आत गेली. भजी मीच तळली, करपली.

६ ऑगस्ट
दोन दिवस अबोला. आज ड्यूटीवर निघताना पिना लावता लावता आरशातच बघून बोलली. "सुईचं तुमचं बरोबर होतं. मी लिहीत नाही. पण तुम्ही जिंकायला बोलता. पोरीशीसुद्धा."

दिलीपला फोन केला. नाव नको. "बरं," म्हणाला. नुसतं बरं. त्यानं भांडण केलं असतं तर सोपं गेलं असतं.

१५ ऑगस्ट
रेवाला घेऊन गावच्या शाळेत झेंड्याला. भाषणात सरपंच म्हणाले, "आपल्या गावची शाळा जगावी असं काही शिकलेल्या लोकाईले वाटत नाई. पोरी घरात कोंडून ठेवतात आन् इकडे शाळा मरून राहिली." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, तुमचे दोन नातू कुठं आहेत?"
"म्हंजे?"
"पिवळ्या व्हॅननं आमगावला गेले ना, तिकडच्या झेंड्याला? मी माझी पोरगी घरी ठेवली, तुम्ही तुमचे नातू व्हॅनमध्ये ठेवले. ते दोघं इथं आले तर एकोणीसचे एकवीस होतात. शाळा आजच्या आज वाचते."
"थे अलग गोष्ट आहे."
"कशी अलग?"

माइक चालूच होता. मागं बाया हसल्या. सरपंचांनी भारतमाता की जय म्हणून भाषण संपवलं. दिलीप तोंडावर हात ठेवून उभा, हसतो की रडतो कळेना. आतून मला फार बरं वाटलं. लपवत नाही.

घरी येताना रेवा: "बाबा, तुमी लय जोरात बोलले."
"खोटं बोललो का?"
"नाई." थोडं चालून, "त्याईच्या नातवाईले कोनी विचारलं असन का, कोनत्या शाळेत जाता म्हणून?"
"नसेल."
"मलेबी नाई विचारलं."

हातात पेढा होता, तो तोंडात टाकला. 

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. काल खऱ्या बैलांचा झाला, आज पोरांच्या लाकडी बैलांचा. रेवानं तिच्या बैलाची शिंगं निळी रंगवली. माय म्हणे, निळी शिंगं कुठं असतात? रेवा म्हणे, याचीच.

मारुतीच्या देवळासमोर आंब्याचं तोरण, त्याखाली पोरं आपापले चाकांचे बैल धरून एका रांगेत. वर्षातून हा एकच दिवस असा की गावातलं झाडून सगळं लेकरू एका ओळीत उभं राहतं. मी मोजली. त्रेचाळीस. जि.प.ची एकोणीस, रेवा एक, कडेवरची तीन. उरली वीस, सगळी व्हॅनवाली.

गावात पोरं कमी पडली असं कोण म्हणतं? पोरं आहेत. रांगेत ढकलाढकली चालली होती.

शेजारी दिलीप येऊन उभा राहिला. "मोजून राहिला ना गा?"
"हो."
"मीबी दरवर्षी मोजतो."

ठरवलं, व्हॅनवाल्या घरांत दोघांनी जायचं. नुसतं नाव मागायचं नाही, पोर मागायचं. मी म्हटलं चौथी-पाचवीचं गणित मी येऊन शिकवीन, फुकट. दिलीपनं माझा हात धरला आणि सोडेचना.

३१ ऑगस्ट, रविवार
आठ घरं. चहा सहा ठिकाणी. पोर एकही नाही.

कोणाला इंग्लिश पाहिजे. कोणी म्हणे दोन गुरुजीत पाच वर्ग कसे होतात, यात चूक काय आहे सांगा. कोणी म्हणे पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी शाळा असेल का, हे दिलीपनं विचारलं नाही, मीच विचारलं. त्या घरचं दार तेवढ्यावर बंद झालं.

शेवटचं घर सुलोचनाबाईंचं. रोवणीला आमच्याकडे येतात. स्वतः उन्हात वाकून मुलीला व्हॅनमध्ये बसवतात. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "मास्तर, तुमची कोनत्या शाळेत आहे?"
"घरी."
"मंग माही कायले मागता? तुमची घरी शहानी होनार, आन् आमची लेकरं काय पटाच्या भरतीले पाहिजे?"

सरपंचांना झेंड्याखाली मी हेच विचारलं होतं. पाण्याचा तांब्या रिकामा करून उठलो. 

९ सप्टेंबर
आज शाळेत गेलो. म्हटलं पोर मिळो न मिळो, गणिताचा तास तर सुरू करू. दिलीप वर्गात होता. ऑफिसात त्याच्या टेबलावर हजेरीपट उघडा. पाचवी. चार नावं मी ओळखतो. पाचवं रेवाचं. एक तारखेपासून रोज हजर.

दिलीप आला, मला पाहिलं, पटाकडे पाहिलं. दार लोटून घेतलं.
"काकी आली होती. फारमवर अंगठा देऊन गेली. घरचं मोठं मानूस म्हणून..."
"मी नको म्हटलं होतं."
"हो."
"तरी?"
"एकवीस वर्षांत पहिल्यांदा केलं गा. आईची शपथ, पहिल्यांदा." पटाची कड तो पुन्हा पुन्हा सरळ करत होता. असा मी त्याला कधी पाहिला नाही, बाप गेला तेव्हाही नाही.

म्हटलं, "खोड."
"खोडलं तं एकोणीस."
"खोड, दिलीप."

दिलीपनं लाल पेन काढला. पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, बाजूला सही, तारीख. शेजारच्या वर्गात पोरं तेराचा पाढा म्हणत होती. तेरा साते चुकलं, तर दिलीप सही करता करताच ओरडला, "एक्याण्णव!"

बाहेर पडलो. मी बरोबर आहे. फाटकापर्यंत आलो तोवर तीनदा स्वतःला सांगितलं, मी बरोबर आहे. चौथ्यांदा सांगावं लागलं नसतं तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर
मायला विचारलं, "कोणाला विचारून अंगठा दिला?"
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कोनाले विचारून पोट्टी काढली होती?"

मग सूप बाजूला ठेवलं. "तुह्या बापानं तुले थ्या शाळेत हात धरून नेलं. मी दारात उभी राहून पाहिलं. मी कधी गेलीच नाई. माहं नाव कोन्याच पटावर नाई. एवढी उमर झाली, कोन्याच शाळेच्या कागदावर नाई. नातीचं असावं वाटलं. खोटं तं खोटं."

आयुष्यात आईनं मला एवढं लांब काही सांगितलं असेल तर आठवत नाही. भिंतीवर यादी लटकलेली, पहिलं कलम मोठ्या अक्षरात. ते तिला वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. तिचे पाय धरावेसे वाटले, तेही केलं नाही.

पण रेघ मारली ती मारली. ती पुसणार नाही.

१८ सप्टेंबर
मंगळवार-शुक्रवार शाळेत गणित घेतो आहे. चौथी-पाचवी मिळून नऊ पोरं. आता नजर डोक्यावरून जात नाही, नऊच आहेत, एकेकाकडे बघावं लागतं. रेवा सोबत येते. पहिल्या दिवशी बाहेर ओट्यावर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी आत, मागं. दिलीपनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पटाला हात लावला नाही.

अपूर्णांक तिला येतात. मी शिकवल्यावर नाही आले. पाचवीतल्या एका मुलीला समजावून सांगताना आले. "कशातले ते आधी सांग," असं तिला म्हणत होती.

रविवारी वं.नं तिला बोडीवर नेलं होतं. कंबरेला दुपट्टा बांधून, आपण गळ्यापर्यंत पाण्यात. काठापासून त्या दगडापर्यंत रेवा एकटी पोहली. वं.चं कलम पुरं झालं. माझ्या कलमांची गती लिहीत नाही.

२७ सप्टेंबर
जेवताना रेवा: "मंगळवारी मोजाले येतात ना?"
"हो."
"मी नाव लिहाले सांगितलं तं मले रोज जावं लागन?"
"रोज. नुसतं नाव या घरातून जाणार नाही."
"आन् तुमी?"
"शाळेत आठवड्यातून दोनदा आहेच. घरी संध्याकाळी, तुला वाटलं तर."
भात कालवत राहिली. "आन् नाई लिहिलं आन् शाळा बंद झाली तं?"
"तर ती माझ्यामुळे झाली. लोकांना मी सांगेन तसं. तुझा संबंध नाही."
"असं कसं? नाव तं माहं आहे."

वं.नं माझ्याकडे पाहिलं. मायनंही. मी वरण मागितलं.

२९ सप्टेंबर
दुपारभर रेवा वहीत काहीतरी लिहीत होती. दोन भाग केलेले, मध्ये उभी रेघ. मी जवळ गेलो तर हातानं झाकलं. मागून विचारलं, काय लिहिलं? "माही यादी." दाखव. "तुमी भिंतीवर लावान."

शिक्षक म्हणून बघायचा हक्क आहे असं म्हणणार होतो. तसं म्हटलं नाही. कष्ट पडले.

३० सप्टेंबर, सकाळी नऊ
वं.ची दुपारची ड्यूटी, म्हणून वेण्या तिनं घातल्या. मी रेवाला समोर बसवलं आणि जे आहे ते सांगितलं. मला वाटतं तू जाऊ नये. मला तुला घरीच शिकवायचं आहे. तीन महिने मी वाईट शिकवलं, आता कुठं जमायला लागलं आहे. शाळा वाचवणं हे मोठ्यांचं काम आहे, ते तुझ्या डोक्यावर ठेवायला मला लाज वाटते. आणि इतकं सगळं म्हणूनही तू जे ठरवशील ते.

"माहीत आहे," म्हणाली.
"काय ठरवलं?"
"तिथं सांगतो. गुरुजीले आधी दोन गोष्टी विचारायच्या आहेत."
"मी येतो सोबत."
"नाई. मी एकटीच जातो. तुमी आले का भांडन होते."

वं. तोंड फिरवून हसली, डोळे मात्र पुसले. मायनं रेवाच्या हातावर दहीसाखर ठेवली. मी विचारलं, कशासाठी? माय म्हणे, कायसाठीबी असो. वही काखेत धरून गेली. वळणापर्यंत मागं पाहिलं नाही.

साडेअकरा
पट मोजणाऱ्यांची जीप अकरालाच शाळेकडे गेली. अजून निरोप नाही. वं. स्कूटीवर ड्यूटीला गेली. शाळेवरून जाणार, पण थांबणार नाही, तसं रेवानं तिच्याकडूनही कबूल करून घेतलं आहे. मी ओसरीत हे लिहीत बसलो आहे. दुसरं काही सुचत नाही.

ती नाही म्हणाली तर शाळा मोडल्याचं खापर उद्या सकाळी आमच्या दारात फुटेल. फुटू दे. दहा वर्षांच्या पोरीला कोणी एक शब्द बोललं तर अख्ख्या गावाशी मी भांडेन, सरपंचापासून सुरुवात करेन. हो म्हणाली तर उद्या दहाला तिचा डबा मी भरेन, आणि मास्तरची शाळा तीन महिन्यांत बुडाली म्हणून नाक्यावर जो हसेल त्याच्याशीही भांडेन. दोन्हीची तयारी आहे. यातलं कोणतं मला हवं आहे ते सकाळी पक्कं माहीत होतं. आता तितकं पक्कं नाही.

सव्वाबारा
माय चौथ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आली. "जाऊन पाहून ये ना गा."
"नाही."
"काऊन?"
"तिनं येऊ नका म्हटलंय."
"आन् तू ऐकून राहिला?"
"हो."

 मग गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी ओसरीवर बसली. "ह्या घरात पोट्टीच्या सांगन्यावरून बसून राहिलेला पयला मानूस तूच."
"दुसरी तू."
ती उठली नाही.